कोपर दुखतंय, कोलॅजनचा डबा आणू का?

या आठवड्याचं पत्र अक्कलकोट रोडवरच्या एका ताईंचं आहे. नाव देत नाही, पत्र थोडं लहान करून देते.

"नमस्कार मॅडम. वय 43, वजन 52 किलो. नऊ वर्षं झाली मी ज्वारीच्या कडक भाकरी करून देते, रोज शंभर-सव्वाशे, लग्नसराईत दोनशेच्या पुढं जातात. चार महिने झाले उजव्या कोपराची बाहेरची बाजू लई दुखायलीय. चहाचं पातेलं सांडशीनं उचलायला गेलं की हातातून सुटतंय. डॉक्टरांनी टेनिस एल्बो सांगितलं, गोळ्या दिल्या, गोळीचा असर आहे तोवर बरं वाटतं. माझा भाचा जिमला जातो, त्यानं यादी करून दिलीय, कोलॅजन पावडर, ग्लुकोसामाईन, ओमेगा थ्री, व्हिटॅमिन सी आणि हळदीच्या कॅप्सूल. महिन्याचे 4,300 रुपये होतायत. मालक लूमवर आहेत, एवढे पैसे काढायचे म्हणजे विचार करावा लागतो, पण हातच गेला तर धंदा गेला. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडं पण चालत नाही. सकाळी चहा आणि भाकरी-चटणी, दुपारी भाकरी आमटी, रात्री पण तेच. घेऊ का हे सगळं?"

ताई, आधी उत्तर सांगते मग कारण, कारण तुमचा भाचा कदाचित उद्याच ऑर्डर टाकेल. आत्ता घेऊ नका. यादीतला एकही डबा आज तुमच्या कोपराला लागत नाहीये, आणि ज्या दोन-तीन गोष्टी खरंच लागतायत त्या यादीत नाहीत. भाच्याला रागवू नका, त्यानं मावशीसाठी वेळ काढून यादी केली हे चांगलंच आहे, फक्त जिममधल्या 22 वर्षाच्या पोराची गरज वेगळी आणि तुमची वेगळी.

आता तुमच्या कोपरात काय झालंय ते बघा. आपण सगळे ज्याला शीर म्हणतो, दवाखान्यात टेंडन म्हणतात, शाळेच्या पुस्तकात कंडरा असतं, ती स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. मनगट मागे उचलून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला असल्याच दोरीनं चिकटलेले असतात. आणि तुमचा सगळा दिवस याच दोरीवर चालतो. गरम पाण्यात पीठ मळताना तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं रेटा देता, थापताना मनगट वर उचललेलं असतं, तवा नाहीतर पातेलं सांडशीत आवळून धरता तेव्हा मूठ घट्ट आणि मनगट मागे. टेनिस खेळणाऱ्यापेक्षा हा आजार भाकरी करणाऱ्या, धुणं पिळणाऱ्या आणि स्क्रू पिळणाऱ्या माणसांना मी जास्त बघते. सुरुवातीला थोडी सूज असते पण चार महिन्यांनंतर ती सूज फारशी राहत नाही, दोरीतले धागे विस्कटलेले असतात, म्हणूनच सुजेची गोळी खाल्ली की दुखणं झाकतं पण धागे काही सरळ होत नाहीत.

हे धागे म्हणजेच कोलॅजन. तुमच्या मालकांना विचारा, ते हे माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, लूमच्या बीमवरचे उभे धागे नीट ताणलेले नसतील तर सूत कितीही भारी आणा, टॉवेल धड निघत नाही. टेंडनचं तसंच आहे. मार लागला की शरीर आधी घाईघाईत कच्चे, आडवेतिडवे धागे टाकतं, नंतर काही महिन्यांत ते काढून पक्के धागे ओळीत लावत जातं, आणि ती ओळ कुठल्या दिशेनं लावायची हे त्याला ताण पडला की कळतं. बेतशीर, हळूहळू वाढवलेला ताण. टेंडनला रक्तपुरवठा स्नायूपेक्षा बराच कमी असतो त्यामुळं पोटरीचा स्नायू थोडा फाटला तर काही आठवड्यांत भरतो आणि कोपर मात्र महिनोन्महिने छळतं. म्हणजे लागतं काय तर सूत, ताण आणि वेळ. भाच्याची यादी फक्त सुताची आहे, आणि सूत तुमच्या स्वयंपाकघरात त्याहून स्वस्तात मिळतं.

तुमचं खाणं तुम्ही लिहिलंय म्हणून मी बसून हिशोब केला. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 10 ग्रॅम प्रोटीन असतं, तुमच्या पातळ कडक भाकरीत 4-5 ग्रॅम धरू. दिवसाला पाच भाकऱ्या म्हणजे 20-22. शेंगाचटणी दोन चमचे, 5 ग्रॅम. आमटी पातळ असते हे मला माहितीय, सोलापूरच्या घरात वाढलेय मी, दोन वाट्यांत मिळून 6-7 धरू. चहातलं दूध 2-3. सगळं मिळून 35 च्या आसपास. आणि दुखापत भरायची असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ग्रॅम तरी हवं, जास्त कष्टाचं काम असेल तर 1.6 पर्यंत, म्हणजे तुमच्या 52 किलोला कमीत कमी 62. रोज 25-27 ग्रॅमचा खड्डा आहे हा. तो खड्डा तसाच ठेवून वरून कॅप्सूल घेणं म्हणजे चूल न पेटवता तवा ठेवण्यासारखं.

यात अजून एक बारीक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. भाकरी आणि शेंगाचटणी ही आपली जोडी, मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरची चटणी, मी स्वतः त्यावरच वाढले. पण प्रोटीन ज्या वेगवेगळ्या अमिनो आम्लांपासून बनतं त्यातलं लायसिन नावाचं एक ज्वारीत खूप कमी असतं, आणि शेंगदाण्यात पण कमीच. आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट बांधणाऱ्या गाठी असतात ना, त्या लायसिनच्याच असतात. म्हणजे नुसत्या भाकरी-चटणीवर नेमकी ती गाठ मारायचीच दोरी अपुरी पडते. लायसिन कशात आहे तर डाळीत, हरभऱ्यात, मटकी-मुगात, सोयाबीनमध्ये, दूध-दह्यात. आपल्या आज्ज्या भाकरीबरोबर पिठलं का करायच्या, दही का घ्यायच्या, त्यांना लायसिन माहीत नव्हतं पण ताट बरोबर होतं.

म्हणून भाकरी-चटणी सोडू नका, तिच्या शेजारी अजून काहीतरी ठेवा. सकाळच्या भाकरी-चटणीबरोबर एक वाटी घट्ट दही, 5 ग्रॅम. दुपारी आमटी घट्ट करा, नाहीतर मोड आलेल्या मटकीची उसळ मोठी वाटीभर, 7-8 ग्रॅम. काम संपलं की मूठभर फुटाणे, 30 ग्रॅममध्ये 6. रात्री पिठलं किंवा आठवड्यातून तीन-चारदा सोयाबीनच्या वड्या, कोरड्या 30 ग्रॅम वड्यांत तब्बल 15 ग्रॅम प्रोटीन असतं, भिजवून पिळून रस्सा केला की घरातल्यांना पण आवडतात. एवढं केलंत की 62 च्या जवळ पोचताय, आणि याला डबा लागत नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

आता कोलॅजन पावडरबद्दल खरं काय आहे ते सांगते, कारण हे सगळं फसवंय असं पण मी म्हणणार नाही. आपण कोलॅजन खाल्लं म्हणून ते थेट कोपरात जाऊन बसत नाही, पोटात त्याचे तुकडे होतात, अमिनो आम्लं आणि बारीक साखळ्या, आणि त्या सगळ्या शरीरात फिरतात. 2017 साली एक छोटा अभ्यास छापून आला, आठ निरोगी तरुण पुरुष, त्यांना व्हिटॅमिन सी घातलेलं 15 ग्रॅम जिलेटिन दिलं, तासाभरानं सहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, आणि रक्तात कोलॅजन तयार होत असल्याची खूण जवळजवळ दुप्पट दिसली. सगळ्या जाहिराती घुमूनफिरून इथं येतात. पण नीट वाचा, माणसं आठ, कुणालाही दुखापत नव्हती, मोजलं ते रक्तात, दुखणं कमी झालं का हे कुणी बघितलं नाही, आणि उड्या मारायला लावल्याच होत्या. नंतर टाचेच्या टेंडनच्या पेशंटवर छोटे अभ्यास झालेत, थोडा फायदा दिसलाय, पण त्यात पण सगळ्यांकडून व्यायाम करून घेतला होता. म्हणजे व्यायामाच्या जोडीला थोडी मदत होत असेल, एवढंच आज प्रामाणिकपणे म्हणता येतं. शिवाय कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचं एक आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, त्यामुळं जेवणातल्या प्रोटीनच्या जागी कोलॅजन धरता येत नाही.

आणि ताई, तुम्ही पूर्ण शाकाहारी म्हणता म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं, कोलॅजन कुठल्याही झाडात नसतं. ते गाई-म्हशीच्या नाहीतर डुकराच्या कातड्यातून, हाडांतून, किंवा माशाच्या खवल्यांतून काढतात. डब्यावर बोवाईन लिहिलं असेल तर जनावराचं, मरीन असेल तर माशाचं. व्हेज कोलॅजन म्हणून जे विकतात त्यात कोलॅजन नसतं, अमिनो आम्लं आणि व्हिटॅमिन सी असतं. ग्लुकोसामाईन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून. ओमेगा थ्री म्हणजे बहुतेक माशाचं तेल, आणि कॅप्सूलचं वरचं आवरण पण बऱ्याचदा जिलेटिनचं. दुकानदार हे सगळं सांगत नाही, आपणच डबा फिरवून हिरवी खूण आहे की तपकिरी ते बघायचं. त्याच डब्यावर औषधी वापरासाठी नाही असं पण लिहिलेलं असतं, तो नियमच आहे, तेवढी ओळ भाच्याला वाचून दाखवा.

बाकीच्यांचं पटकन सांगते. ग्लुकोसामाईन गुडघ्याच्या कूर्चेसाठी खपवतात, तिथं पण निकाल मिश्र आहेत, कोपराच्या टेंडनशी त्याचा संबंध नाही. ओमेगा थ्रीनं टेंडन भरतं असं ठामपणे दाखवता आलेलं नाही, जवसाची चटणी आवडत असेल तर जरूर खा. हळद दुधातून घ्या, भाजीतून घ्या, पण कॅप्सूलमध्ये ती एकदम जास्त असते आणि अंगी लागावी म्हणून मिऱ्याचा अर्क घातलेला असतो, त्यानं काहीजणांच्या लिव्हरला त्रास झालेला आहे, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तिला हातच लावू नये.

व्हिटॅमिन सी मात्र खरंच महत्त्वाचं, त्याच्याशिवाय कोलॅजनचे धागे पक्के पिळले जातच नाहीत. जुन्या काळी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुटायच्या, भरलेल्या जखमा परत उघडायच्या, ते याच्याच कमतरतेनं, आणि 1747 साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं संत्री-लिंबं देऊन ते बरं करून दाखवलं. पण बाईला दिवसाला लागतं किती, 65 मिलिग्रॅम. एक मध्यम पेरू खाल्ला की त्याच्या दुप्पट-तिप्पट झालं. एक आवळा पुरतो. डाळिंब आपल्याकडचं नावाजलेलं आहे, जरूर खा, पण सी त्यात पेरूच्या मानानं बरंच कमी. लिंबू आमटीत उकळू नका, ताटात वरून पिळा. 1000 मिलिग्रॅमची गोळी घेऊन जास्तीचं सी लघवीवाटे निघून जातं, आणि ज्याला मुतखड्याची सवय आहे त्यानं तर आपल्या उन्हाळ्यात ती रोज घेऊच नये.

यादीत नसलेली पण मला तुमच्यासाठी जास्त काळजीची वाटणारी गोष्ट म्हणजे रक्त. कोलॅजन पक्कं व्हायला सी सोबत लोह पण लागतं, आणि तुम्ही जेवणाला लागून चहा घेत असाल तर चहा जेवणातलं लोह नीट शोषू देत नाही, तासभर अंतर ठेवा. शाकाहारी माणसाला व्हिटॅमिन बी 12 बऱ्याचदा कमी पडतं. आणि व्हिटॅमिन डी, आपल्या सोलापूरला उन्हाची काय कमी, पण तुम्ही पहाटेपासून दुपारपर्यंत चुलीपुढं, बाहेर पडता ते डोक्यावर पदर घेऊन संध्याकाळी, ऊन अंगाला लागतंच कुठं. म्हणून त्या 4,300 मधले थोडे पैसे एकदाच तपासणीला घाला, हिमोग्लोबिन, डी, बी 12, साखर आणि थायरॉईड. साखर यासाठी की ती वाढलेली असेल तर टेंडन कडक होतं आणि भरायला फार वेळ लागतो. जे कमी निघेल ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्या, तिथं गोळीचा खरा उपयोग आहे, कमी असलेलं भरून काढणं. डी ची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक असते, ठराविक आठवडेच, रोज खाऊन उलट्या, कॅल्शियम वाढून किडनीला त्रास झालेली माणसं असतात. आणि मिश्री लावायची सवय असेल तर, असेलच असं नाही, पण असेल तर ती सोडायचा प्रयत्न करा, तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच कमी रक्त मिळणाऱ्या टेंडनचे अजून हाल होतात.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीनं लिहितेय कारण माझ्या आईचा खांदा दुखत होता तेव्हा मीच तिच्यासाठी महागातला डबा आणला होता. ती रोज सकाळी दुधात कालवून घ्यायची, लेकीनं आणलाय म्हणून. दोन महिन्यांनी मी माहेरी राहायला गेले तेव्हा बघितलं की ती रात्रीचं जेवणच घेत नाहीये, चहा-खारी खाऊन झोपतेय, आणि मी दिलेला व्यायामाचा कागद फ्रिजवर तसाच. ताटात वरण-भात, दही आलं आणि मी रोज फोन लावून व्यायाम करून घ्यायला लागले तेव्हा कुठं तिचा हात वेणी घालायला वर गेला.

तर आता तो ताण, म्हणजे व्यायाम. टेबलावर नाहीतर ओट्यावर कोपर ते मनगट टेकवा, तळवा खाली, मनगट कडेच्या बाहेर. हातात अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली. डाव्या हातानं उजवा पंजा वर उचलायचा, मग डावा हात सोडून उजव्यानं बाटली हळूहळू खाली न्यायची, मनात पाच आकडे मोजत. असं 10-12 वेळा, थोडं थांबून परत, असे तीन फेरे, दिवसातून एकदा. सुरुवातीला फारच दुखत असेल तर पहिला आठवडा बाटली नुसती सरळ धरून ठेवा, अर्धा मिनिट, चार-पाच वेळा. थोडं दुखणार, दहापैकी तीन-चार एवढं चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जर आदल्या दिवसाइतकंच असेल तर ठीक, वाढलं असेल तर फेरे कमी करा. दोन-तीन आठवड्यांनी मोठी बाटली. फरक जाणवायला सहा आठवडे, चांगलं वाटायला तीन महिने, घाई केली की परत मागे. एकदा तरी फिजिओथेरपिस्टला दाखवून पद्धत तपासून घ्या, खाजगी परवडत नसेल तर सिव्हिलला चौकशी करा.

भाकरी बंद करा असं मी सांगणार नाही, तुमचं घर त्यावर चालतं, आणि हात गळ्यात बांधून ठेवला तर टेंडन अजून कमजोर होतं. पण काम वाटून घ्या. मळायचं काम सहा आठवडे दुसऱ्या कुणाकडे द्या, थापणं तुम्ही करा कारण तुमच्यासारखी पातळ दुसऱ्याला जमणार नाही. सांडशी डाव्या हातात. काहीही उचलताना तळवा वरच्या बाजूला करून, कोपर अंगाजवळ ठेवून उचला, याच एका सवयीनं अर्धा त्रास कमी झालेल्या बायका मी बघितल्यात. दर 20-25 भाकरींनंतर दोन मिनिटं थांबा, आणि लग्नाची ऑर्डर आली की एकदम शंभरावरून दोनशेवर उडी नको. कोपराखाली दोन बोटं सोडून बांधायचा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो, कामाच्या वेळेपुरता बांधा. कुणी इंजेक्शन सुचवलं तर लगेच हो म्हणू नका, कोपरातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननं पहिले काही आठवडे छान वाटतं पण वर्षभरानं बघितलं तर इंजेक्शन न घेतलेले पुढं असतात, हे चांगल्या अभ्यासांत दिसलंय. बोटांना मुंग्या येत असतील, मान दुखून कळ हातात उतरत असेल, कोपर लाल होऊन ताप असेल किंवा सरळच होत नसेल तर मात्र माझ्या सल्ल्यावर थांबू नका, डॉक्टरांकडे जा.

सप्लिमेंट कुणीच घेऊ नये असं या सगळ्यातून काढू नका. सासूबाईंसारखं कुणी म्हातारं माणूस आहे, प्लास्टर घातलंय, भूक मेलीय, दोन घासाच्या वर जात नाही, किंवा नुकतं ऑपरेशन झालंय, तर तिथं व्हे प्रोटीनचा डब्यातल्या मापाचा एक मोठा चमचा, ज्यात 24 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि जे दुधापासून बनतं, खरंच कामाला येतो, स्नायू झिजणं कमी होतं. तुम्हाला भूक लागते, दात आहेत, घरात चूल आहे. तुम्ही जेवा.

एक काम करा. उद्यापासून तव्याशेजारी भिंतीवर खडूनं लिहून ठेवत जा, कितव्या भाकरीला कोपर बोलायला लागलं. आज कदाचित पंधराव्यालाच बोलत असेल. सहा आठवड्यांनी तो आकडा आणि तपासणीचे कागद मला पाठवा, त्यावरून पुढचं सांगते.